मालक, मुद्रक, प्रकाशक

मार्च उजाडला की दैनिकांत एक चौकट दिसते : 'फॉर्म नं. ४ (नियम ८ पाहा)'. टेंडर नोटिसा आणि 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' यांच्या शेजारी, भिंग घेऊन वाचावं अशा टायपात. प्रसिद्धीचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, संपादक, त्यांचं राष्ट्रीयत्व, पत्ता. सहाव्या रकान्यात मालक, आणि एकूण भांडवलात एक टक्क्याहून जास्त हिस्सा असलेले भागीदार किंवा भागधारक. फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात हे छापायचं, असं १९५६ च्या नियमांनी ठरवलं. बातमी कोणाच्या घरून येते हे वाचकाला वर्षातून एकदा तरी कळावं, एवढाच हेतू.

मोठ्या दैनिकाची चौकट वाचून पाहावी. मालक : अमुक प्रायव्हेट लिमिटेड. भागधारक : तमुक होल्डिंग्ज, ढमुक इन्व्हेस्टमेंट्स. माणूस काही सापडत नाही. आणि सातवा रकाना तर फॉर्मात नाहीच : या मालकाचे बाकीचे धंदे कोणते? साखर कारखाना, मेडिकल कॉलेज, बिल्डर कंपनी, खाण, बंदर, वीज. खरं तर वाचकाला हवा होता तो हाच.

*

१८८२. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात, 'केसरी'-'मराठा'तल्या मजकुरावरून, टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून दोघे सुटले. लिहिणारे, चालवणारे आणि आत जाणारे तेच. आज आवृत्तीच्या तळाशी बारीक अक्षरात 'पीआरबी कायद्यानुसार जबाबदार' म्हणून ज्याचं नाव असतं तो बहुधा कंत्राटावरचा निवासी संपादक. जिल्हा न्यायालयाच्या तारखांना तो जातो. ही जबाबदारी १८६७ च्या कायद्यातली. तो कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून नवा आला. तारखांना जाणारा माणूस काही बदललेला नाही.

*

'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. पण पत्र एकट्याचं नव्हतं, मंडळींचं होतं. सामाजिक सुधारणेवरची आगरकरांची मतं आणि बाकीच्यांची मतं जुळेनात. १८८७ मध्ये आगरकर बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. पुढे वाटणी झाली तेव्हा 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं, त्यांच्या कर्जासकट, टिळकांकडे आली आणि आर्यभूषण छापखाना दुसऱ्यांकडे गेला. मराठी पत्रकारितेचा इतिहास आपण या दोघांच्या मतभेदांचा म्हणून शिकवतो. त्यात हिशेबाच्या वह्याही आहेत. आगरकरांएवढ्या माणसालाही मनातलं लिहायला दुसरं पत्र उभं करावं लागलं, ते मालकी वाटून घेतलेली होती म्हणून.

*

आणि ज्यांच्याकडे उभं करायलाच काही नव्हतं? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. नव्या पत्राची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली, रीतसर पैसे मोजायची तयारी ठेवून. 'केसरी'ने ती घेतली नाही. सरकारी सेन्सॉर नाही, खटला नाही, कायदा नाही. दुसऱ्याच्या मालकीची जागा होती आणि ती मिळाली नाही, एवढंच. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात हा प्रसंग सरकारी दडपशाहीच्या प्रसंगांइतकाच मोठ्याने सांगायला हवा, असं मला वाटतं. सांगितला जातो तो फक्त आंबेडकरांच्या चरित्रात.

*

पहिलं प्रेस कमिशन, १९५२ ते ५४. अध्यक्ष न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. त्यांच्यापुढे प्रश्न होता साखळीवाल्यांचा : एकाच उद्योगपतीची चार शहरांत चार पत्रं, जाहिरातीच्या जोरावर जाडजूड अंक स्वस्तात विकायचे आणि गावातलं छोटं पत्र मारून टाकायचं. कमिशनने सुचवलं की पानं आणि किंमत यांची सांगड घाला. जास्त पानं द्यायची असतील तर जास्त किंमत लावा. त्यावरून १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश आला.

या आदेशाला आव्हान दिलं ते दिल्ली-मुंबईच्या कुठल्या बड्या साखळीने नाही, पुण्याच्या 'सकाळ'ने. गंमत इथेच आहे.

*

'सकाळ' प्रकरण जरा सविस्तर, कारण मालकीचा सगळा पेच त्यात आहे.

नानासाहेब परुळेकर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. १ जानेवारी १९३२ ला 'सकाळ' सुरू केला. अग्रलेखाच्या तोफांपेक्षा गावोगावच्या बातम्यांवर भर. खटल्याच्या वेळचे आकडे निकालपत्रात आहेत : खप रोज ५२,०००, रविवारी ५६,०००. रोजच्या अंकाची किंमत ७ नवे पैसे. सहा दिवसांत मिळून ३४ पानं. सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींची. आदेश पाळायचा तर एक तर किंमत ८ नवे पैसे करायची, नाही तर आठवड्याची पानं २४ वर आणायची.

एका पैशाचा प्रश्न. पण त्या पैशाने खप घटतो, आणि पानं कमी केली तर मजकूर घटतो. कुठूनही गेलं तरी म्हणणं कमी लोकांपर्यंत पोचतं. सरकारचं म्हणणं, आम्ही भाषणावर नव्हे, धंद्यावर बंधन घालतोय, आणि तेही छोट्यांच्या भल्यासाठी. निकाल लिहिला न्यायमूर्ती ज. र. मुधोळकरांनी, सप्टेंबर १९६१ मध्ये. धंदा आवरण्याच्या नावाखाली भाषणाला हात लावता येणार नाही, आणि किती लोकांपर्यंत पोचायचं हाही त्या स्वातंत्र्याचाच भाग, असा त्याचा आशय. कायदा आणि आदेश दोन्ही गेले.

निकाल बरोबरच होता. पानं मोजायची पट्टी सरकारच्या हातात राहिली असती तर २५ जून १९७५ च्या रात्रीनंतर ती कोणावर पडली असती हे सांगायला नको. पण राजाध्यक्षांनी मांडलेलं दुखणं निकालाने बरं झालं नाही. औषध घातक होतं म्हणून बाटली फेकली. रोग तसाच राहिला.

एक तपशील मला फार आवडतो. 'सकाळ'च्या दोन वाचकांनीही वेगळ्या याचिका केल्या होत्या. भारतातल्या वृत्तपत्र-खटल्यांत वाचक स्वतः कोर्टाच्या दारात आलेला असा क्वचितच दिसतो. निकालाचा भर मात्र वृत्तपत्राच्या हक्कावर राहिला.

*

परुळेकर १९७३ मध्ये गेले. १९८५ मध्ये 'सकाळ' पवार कुटुंबाकडे आला. प्रताप पवार, शरद पवारांचे बंधू. परुळेकरांच्या कन्या लीला परुळेकर शेअरच्या हस्तांतरावरून कोर्टात गेल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, निकाल २००५ चा. म्हणजे एकाच दैनिकावरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दोन खटले : पहिला सरकारच्या हातातून सुटण्याचा, दुसरा घरच्या शेअरचा. कायद्याचे विद्यार्थी पहिला पाठ करतात. मालकी समजून घ्यायची तर दुसराही वाचला पाहिजे.

*

डालमिया. १९४६ मध्ये रामकृष्ण डालमियांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'ची कंपनी घेतली. पैसा आला कुठून? आपल्याच बँकेचा आणि विमा कंपनीचा. १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत विमा कंपनीचा कारभार उघडा पाडला. पुढे चौकशी आयोग, तुरुंगवास. पत्र जावई शांतिप्रसाद जैन यांच्याकडे. १९६२ चा 'महाराष्ट्र टाइम्स' याच घराण्याचा.

*

आणीबाणीतली एक जोडी. बेनेट कोलमनचं, म्हणजे 'टाइम्स'च्या कंपनीचं, संचालक मंडळ १९६९ पासून सरकारी देखरेखीखाली होतं. १९७६ मध्ये कंपनी जैनांना परत मिळाली. त्याच सुमारास रामनाथ गोएंकांच्या 'इंडियन एक्स्प्रेस'वर सरकारच्या मर्जीतलं संचालक मंडळ बसलं, अध्यक्ष के. के. बिर्ला, म्हणजे 'हिंदुस्तान टाइम्स'चे मालक. 'लोकसत्ता' एक्स्प्रेसच्या घरातलं. सेन्सॉरची निळी पेन्सिल सगळ्यांना आठवते, संचालकांची ही अदलाबदल कोणाला आठवत नाही. पेन्सिल आणीबाणीबरोबर गेली. मालकाला धंद्याच्या बाजूने गाठायची युक्ती शिल्लक राहिली.

*

न्या. के. के. मॅथ्यू यांना विसरता कामा नये. १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात, कागदाच्या कोट्यावरून, चार न्यायमूर्ती वृत्तपत्रांच्या बाजूने गेले आणि मॅथ्यू एकटे विरुद्ध. मोजक्या हातांतली वृत्तपत्रं हाही अभिव्यक्तीला धोकाच आहे, असा त्यांचा रोख. पुढे ते दुसऱ्या प्रेस कमिशनचे अध्यक्ष झाले. १९८२ च्या त्या अहवालात शिफारस होती की वृत्तपत्र चालवणाऱ्याला दुसऱ्या धंद्यांपासून वेगळं करावं. अहवाल कपाटात गेला.

*

'सामना' कोणाचा हे कळायला फॉर्म चार लागत नाही. २३ जानेवारी १९८८ ला ते शिवसेनेचं मुखपत्र म्हणून निघालं आणि तसंच वाचलं जातं. वाचक अग्रलेख उघडतो तो पक्ष आज काय म्हणतोय ते पाहायला. मला हे परवडतं. पंचाईत होते ती निःपक्षपाताचा सदरा घातलेल्या पत्राची. 'लोकमत' दैनिक म्हणून नागपुरातून १५ डिसेंबर १९७१ ला निघालं. संस्थापक जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, पुढे एक मुलगा राज्यसभेत होता, दुसरा राज्यात मंत्री. विदर्भातल्या सुजाण वाचकाला ते ठाऊक असतं आणि त्या मानाने तो बातमीतून मीठ वजा करतो. पण २००८ मध्ये याच घराने नेटवर्क १८ बरोबर 'आयबीएन लोकमत' वाहिनी काढली आणि २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सच्या ताब्यात गेलं. आता वजा काय काय करायचं?

*

नेटवर्क १८चा ताबा घेणारी संस्था म्हणजे एक ट्रस्ट होता, इंडिपेंडंट मीडिया ट्रस्ट. लाभार्थी एकच : रिलायन्स इंडस्ट्रीज. टिळकांच्या मागे 'केसरी'चाही ट्रस्ट झाला, साने गुरुजींची 'साधना'ही ट्रस्टचीच. तेव्हा ट्रस्ट चांगला, कंपनी वाईट, असं सरसकट बोलण्यात अर्थ नाही.

*

बाहेरच्यांना वाटतं मालक रोज संध्याकाळी फोन करतो. तसं क्वचितच होतं. डेस्कवरचा शब्द आहे, 'वरून आलंय'. कोण वर, किती वर, कोणी विचारत नाही. त्याहून जास्त वेळा वरून काही आलेलंच नसतं. उपसंपादकाला माहीत असतं की अमुक बिल्डरच्या इमारतीचा स्लॅब कोसळला तर मथळ्यात 'निर्माणाधीन इमारत' लिहायचं आणि बिल्डरचं नाव सहाव्या परिच्छेदात. कोणीही बातमी मारलेली नाही. बातमी आली, छापली, फक्त पान सातवर, खाली डावीकडे. या गोष्टीला साक्षीदार नसतो, कागद नसतो, म्हणून चौकशी समितीही हिला धरू शकत नाही. मालकीवर लिहिणारे विलीनीकरणाचे आकडे मोजतात. ती कोपऱ्यातली बातमी मोजायची पद्धत अजून निघालेली नाही.

*

२००९ ची विधानसभा निवडणूक. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं की तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या गौरवाचा एकच मजकूर, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला. चव्हाणांच्या निवडणूक खर्चात वृत्तपत्र-जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम ५,३७९ रुपये. चव्हाणांनी आरोप नाकारले. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावरून नोटीस काढली, ती दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. प्रकरण कायद्याने तिथे संपलं.

अशा पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी ७१ पानांचा अहवाल लिहिला होता, वृत्तपत्रांची नावं घेऊन. कौन्सिलने आधी छापला तो काही पानांचा गोषवारा. पूर्ण अहवाल २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. दुसऱ्याची माहिती मागण्यात पटाईत असलेल्या धंद्याला स्वतःची माहिती द्यायला माहिती अधिकार लागला.

*

'प्रायव्हेट ट्रीटी' : टाइम्स समूहाने २००५ च्या सुमारास काढलेला सौदा. कंपनीने जाहिरातीचे पैसे द्यायचे नाहीत, शेअर द्यायचे. मग त्या कंपनीचा भाव पडला तर वृत्तपत्राचंही नुकसान. २०१० मध्ये सेबीने सांगितलं की अशा कंपनीची बातमी देताना आपला हिस्सा जाहीर करा. म्हणजे सातव्या रकान्याचा एक कोपरा भरला, आणि तो भरला शेअर बाजाराच्या रखवालदाराने. गुंतवणूकदाराला फसवू नये याची जेवढी काळजी, तेवढी मतदाराची नाही.

*

एनडीटीव्ही. इथे कर्जाचा कागद वाचावा लागतो.

२००९ मध्ये वाहिनीचे संस्थापक प्रणय आणि राधिका रॉय यांच्या आरआरपीआर या कंपनीने आयसीआयसीआय बँकेचं कर्ज फेडायला दुसरं कर्ज काढलं. देणारी विश्वप्रधान कमर्शियल नावाची कोणी न ऐकलेली कंपनी, पैसा मागून रिलायन्सच्या गोतावळ्यातला. रक्कम सगळी मिळून ४०३.८५ कोटी. व्याज शून्य. बदल्यात वॉरंट : सावकाराने मनात आणलं तर आरआरपीआरचे ९९.९९ टक्के शेअर त्याचे. आणि आरआरपीआरकडे एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के.

तेरा वर्षं पडद्यावर तेच चेहरे, तीच टॅगलाइन. २३ ऑगस्ट २०२२ ला अदानी समूहाने विश्वप्रधानच विकत घेतली आणि वॉरंट वठवलं. एनडीटीव्हीचं म्हणणं, आम्हाला विचारलंही नाही. विचारायची गरज २००९ मध्येच संपलेली होती. डिसेंबरअखेर रॉय दांपत्याने आपले बहुतेक शेअरही विकले आणि अदानींचा हिस्सा ६४.७१ टक्क्यांवर गेला. वाहिनीचे निवेदक रवीश कुमार ३० नोव्हेंबरला बाहेर पडले. सगळी चर्चा त्यांच्या राजीनाम्याची झाली. माझ्या मते वाहिनी २०२२ मध्ये गेली नाही, बिनव्याजी कर्ज घेतलं त्या दिवशी गेली. मधली तेरा वर्षं तिने जी काही निर्भय पत्रकारिता केली, ती सावकाराने वॉरंट वठवलं नाही तोवर.

यात रॉय यांना निव्वळ बळी ठरवणं मला जमत नाही. कागदावर सही त्यांनीच केली.

*

२९ नोव्हेंबर २०२२. या दिवशी रॉय आरआरपीआरच्या संचालक मंडळातून बाहेर पडले. याच दिवशी मुंबईत धारावी पुनर्विकासाच्या निविदा उघडल्या आणि अदानींची ५,०६९ कोटींची बोली सर्वांत वरची ठरली. एकाचा दुसऱ्याशी संबंध होता असं मी म्हणत नाही. तारीख फक्त लिहून ठेवतो. १ मे २०२४ पासून 'एनडीटीव्ही मराठी' सुरू आहे, आणि धारावीची बातमी मराठी वाहिनीला टाळता येण्याजोगी नाही.

*

दूरसंचार नियामक ट्रायचा ऑगस्ट २०१४ चा अहवाल. राजकीय पक्षांना वाहिन्यांच्या मालकीपासून दूर ठेवा, उद्योगसमूहांच्या शिरकावावर बंधन घाला, आणि ताबा म्हणजे नुसते शेअर नव्हेत, कर्जाच्या वाटेने आलेला ताबाही धरा. ही शेवटची ओळ विश्वप्रधानचं वॉरंट वठण्याच्या आठ वर्षं आधीची. २०२२ च्या एप्रिलमध्ये ट्रायने याच विषयावर पुन्हा मतं मागवली. त्यानंतर चार महिन्यांनी एनडीटीव्हीचा सौदा.

*

गोवा. मुक्तीनंतर इथे दैनिकं निघाली ती खाणींच्या पैशावर. 'गोमंतक' १९६२, चौगुले. 'नवहिंद टाइम्स' १९६३ आणि 'नवप्रभा' १९७०, धेंपे. खाण, बार्ज आणि छापखाना एकाच घरात. मांडवीतून खनिजाच्या बार्जी जाताना पणजीच्या संपादकांना त्या कचेरीच्या खिडकीतून दिसत असतील. २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला आणि खाणी बंद पडल्या. तोवर पंचवीस-तीस वर्षं गावातल्या विहिरी आटल्याच्या, शेतात लाल गाळ साचल्याच्या तक्रारी होत होत्या. त्या कोणत्या पानावर आल्या याचा कोणीतरी नीट अभ्यास करावा. जुने अंक ग्रंथालयात आहेत.

तरी गोव्याचंच दुसरं उदाहरण. १९६७ चा जनमत कौल : 'गोमंतक' महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने, मडगावचं 'राष्ट्रमत' विरुद्ध. दोन्ही मराठी, दोन्ही पक्के पक्षपाती. पण चहाच्या दुकानात दोन्ही अंक पडलेले असत, आणि मतदाराला भांडणाच्या दोन्ही बाजू मराठीतूनच कळल्या.

*

१९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, सरकारच्या नाहीत आणि कोणा खासगी माणसाच्याही नाहीत. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता. अजूनही खासगी एफएमवाल्याला स्वतःची बातमी देता येत नाही. द्यायचीच तर आकाशवाणीची. आणि वाहिन्यांच्या बाबतीत, सिग्नल घरात आणणारी तारही पाहावी : हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांत बहुसंख्य हिस्सा घ्यायचा सौदा रिलायन्सने २०१८ मध्ये जाहीर केला. वाहिनी कोणाची हे सगळे विचारतात, केबल कोणाची हे बिल देतानाही कोणी विचारत नाही.

*

मालकीच्या साखळीतला सगळ्यात खालचा माणूस तालुक्याचा वार्ताहर. पगार नावाला किंवा नाहीच, जाहिरातीवर कमिशन. वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट त्याला दोन महिने आधी कळतं : इतकी पानं, इतके रुपये. तालुक्यात जाहिरात देणारे किती? आमदार, कारखान्याचे चेअरमन, बाजार समितीचे सभापती, शाळा-कॉलेज काढलेले एक-दोन संस्थाचालक, सराफ, ट्रॅक्टरचा डीलर. बातमी द्यायची तर पहिल्या चार-पाच जणांचीच. वाढदिवसाच्या शुभेच्छांचं अर्धं पान आणायला तो ज्यांच्या बंगल्यावर बसतो, त्यांच्याच टँकरच्या बिलांची फाइल त्याच्या पिशवीत असते. ती बातमी तो कधी पाठवतो. कधी दुसऱ्या दैनिकाच्या वार्ताहर मित्राला देतो, त्याचे मालक दुसऱ्या गटाचे असतात म्हणून, आणि ती तिकडे येते.